रेट्रो आणि नुसतं जुनं

"शेठ, थांबा! त्या पँट्स देऊ नका!" मी शिडीवरूनच ओरडले.

खाली जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण पातेलं पुढे करून बसली होती. शेठनी तिच्यापुढे बेलबॉटमचं गाठोडं सोडलं होतं. गुडघ्याखाली घेरदार होत जाणाऱ्या या पँट्स. त्यांच्या वडिलांच्या काळात न खपलेल्या, कोऱ्या करकरीत.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. नाशिकच्या मेन रोडवर एका कपड्यांच्या दुकानात मी विंडो डिस्प्ले करायचे, म्हणजे काचेतल्या पुतळ्यांना असं सजवायचं की गिऱ्हाईक आत आलंच पाहिजे. पण कॉलेज रोडला चकाचक शोरूम्स निघाल्या आणि तरुण पोरं आमच्याकडे फिरकेनात. "या महिन्यात गर्दी दिसली नाही तर तुझी नोकरी बंद," शेठनी सांगूनच टाकलं होतं.

"माझ्या बहिणीच्या कॉलेजात रेट्रो डे आहे, शेठ!"

"हे काय नवीन?"

"जुन्या काळची फॅशन मुद्दाम घालून मिरवायची."

"डोकं फिरलंय का पोरांचं?" म्हणत त्यांनी गाठोडं मागे ओढलं. बोहारीण मला शिव्या घालतच गेली.

मी दोन पुतळ्यांना बेलबॉटम चढवल्या, वर मोठ्या कॉलरचे शर्ट. काचेवर ठळक अक्षरांत 'रेट्रो'. अहो, काय सांगू! बहिणीकडून कळलं आणि कॉलेज सुटताच पोरापोरींची ही झुंबड! संध्याकाळी पुतळ्यांच्या अंगावरच्याही पँट्स उतरवून द्याव्या लागल्या. मला तर नाचावंसं वाटत होतं.

शेठना चेव चढला. दुसऱ्या दिवशी बघते तर गेल्या दिवाळीला पडून राहिलेल्या चौकड्यांच्या शर्टांवरही 'रेट्रो'ची पाटी! कोणी हात लावेना. शेवटी एका मुलीने सांगितलं, "काका, हे रेट्रो नाहीये. हे नुसतं जुनं आहे."

"फरक काय गं दोन्हीत?" शेठ वैतागले.

"आईबाबांच्या लग्नाच्या अल्बममधलं ते रेट्रो. हा शर्ट तर माझा दादा अजून घालतो!"

या शब्दाचा इतका सोपा अर्थ मला पुढेही कोणी सांगितला नाही. फॅशन इतकी मागे पडावी लागते, की घालणाऱ्याला ती नवीच वाटावी. कालपरवाची फक्त शिळी वाटते.

माझी नोकरी टिकली. "यापुढे पाटी कुठे लावायची ते तूच ठरव," शेठ म्हणाले आणि स्वतःच ते शर्ट गोळा करायला लागले.

"यांचं काय करायचं?" मी विचारलं.

"बांधून ठेव. त्या दादाचं लग्न होऊ दे. त्याची पोरं कॉलेजात गेली की काढू."