शिंदेकाकांचे ओरखडे

आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमधला भुसा रोज संध्याकाळी झाडून निघतो, पण किस्से कोण झाडणार? ते साठतच जातात. त्यातले निम्मे फ्रेंच कंट्रीच्या दिवसांतले. फ्रेंच कंट्री म्हणजे फ्रान्समधल्या खेड्यातल्या घरासारखी सजावट. फिकट रंग, फुलाफुलांचे पडदे आणि जुनाट दिसणारं फर्निचर. नवंकोरं कपाट करायचं, रंगवायचं आणि मग मुद्दाम घासून जुनं करायचं. काय दिवस होते राव ते!

त्याच दिवसांत शिंदेकाका आमच्याकडे आले. जन्मभर कंपनीत क्वालिटीला होते. ओरखडा दिसला की पार्ट रिजेक्ट. काकू गेल्यावर कासारवाडीच्या घरात दिवसभर एकटे बसून असायचे. त्यांची मुलगी मला म्हणाली, "दादा, काहीही काम दे, पण बाबांना घराबाहेर काढ." मी ठेवून घेतलं. पण काम जमलं नाही तर किती दिवस ठेवणार, ही धाकधूक होतीच.

* * *

पहिल्याच दिवशी मी जेवून येतो तर सहा तयार खुर्च्यांवर लाल खडूच्या फुल्या.

"काका, हे काय?"

"सगळ्या रिजेक्ट. पेंटरला बोलव."

पेंटर म्हणजे आमचे लातूरकडचे बापू. त्या खुर्च्यांचा रंग उडवायला त्यांना दोन दिवस लागले होते. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, ह्यांना तरी घरी पाठवा, न्हाईतर मला तरी."

* * *

समजावल्यावर काका दुसऱ्या दिवशी चक्क ड्रॉइंग घेऊन आले. ओरखड्याची लांबी चाळीस मिलिमीटर, दोन कमी-जास्त चालेल. मग एका टेबलाच्या कडेला सारख्या अंतरावर बावीस ओरखडे मारले.

बापूंनी चष्मा पुसून पाहिलं. "जुनं टेबल न्हाई झालं काका, फूटपट्टी झाली."

* * *

चिखलीच्या एका बंगल्यात सूनबाईंनी हौसेनं कपाट मागवलं होतं. टेम्पोतून उतरवतोय तोच सासूबाई पदर खोचून आडव्या आल्या. गाव त्यांना अक्का म्हणतं.

"रंग उडाल्यालं कपाट मी घरात घिणार न्हाई."

सून म्हणाली, "अक्का, फ्रान्सच्या खेड्यात असंच असतं."

"आमच्या बी खेड्यात असंच व्हतं. म्हणून तर बंगला बांधला."

आणि माझ्यासोबत आलेले शिंदेकाका अक्कांना म्हणतात कसे, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ह्यांना."

परत येताना टेम्पोत मी चिडून बोललो, "काका, आता सांगवीचं कपाट तुमच्याकडे. ते जमलं तर ठीक, नाहीतर तुम्ही घरीच थांबा." बोललो आणि लगेच वाईट वाटलं. आजही वाटतं.

* * *

सांगवीचं कपाट स्वयंपाकघरातलं, दोन दारांचं. दुसऱ्या दिवशी काका ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन आले. कसली म्हणून विचारलं तर "घरच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची" एवढंच म्हणाले. तीन दिवस त्यांनी कुणाला कपाटाजवळ फिरकू दिलं नाही.

झाल्यावर पाहिलं. डाव्या दाराच्या मुठीपाशी रंग बोटांनी झिजावा तसा झिजलेला. त्याखाली बारीक ओरखडे, बांगड्या घासल्यावर पडतात तसे. उजवं दार जवळजवळ कोरं. बापूंनी त्यावरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच काकांसाठी चहा सांगितला.

सांगवीला पोचवायला आम्ही तिघंही गेलो. कपाट मागवणाऱ्या मॅडम बराच वेळ ते न्याहाळत होत्या.

"सुरेख झालंय. पण सगळं डाव्याच दाराला का? उजवं राहिलं का करायचं?"

मी सारवासारव करणार तेवढ्यात काका म्हणाले, "राहिलं नाही मॅडम. ती डावखुरी होती."

मॅडमनी हातातली पर्स उजव्या हातात घेतली आणि डाव्या हातानं दार उघडलं.