ससाणा का पडला

ससाणा तिसऱ्या फेरीला डावीकडे वळला आणि वळतच राहिला. मी हातातल्या रिमोटची, आमच्या भाषेत रेडिओची, काडी उजवीकडे दाबली. काही फरक नाही. पार टोकापर्यंत दाबली, तरी नाही. खाली पंधरा-वीस द्राक्ष बागायतदार माना वर करून उभे होते. त्यातल्या एकानं टाळी वाजवली. त्याला वाटलं, मी झडप घालून दाखवतोय.

मग ससाणा बागेपलीकडे उतरला आणि दिसेनासा झाला. टाळी थांबली.

हा ससाणा म्हणजे फोमचं विमान. मी दोन्ही हात पसरले की होईल एवढी त्याची पंखांची लांबी. पोटात बॅटरी, नाकात मोटर, आणि शेपटी हलवायला काडेपेटीएवढ्या दोन सर्वो मोटरी. सातपूरच्या एका गाळ्यात आम्ही चौघं मिळून ते बनवतो. द्राक्षं गोडीला आली की साळुंक्या, बुलबुल, भोरड्या बागेवर तुटून पडतात. जाळी टाकायची तर खर्च, फटाके वाजवायचे तर पाखरं दोन दिवसांत सरावतात. मग आकाशात ससाणाच फिरवला तर? ही कल्पना आमचे मालक निखिल सर यांची. वय बत्तीस. माझं वय एकसष्ट. टूलरूममधून रिटायर झालो आणि बोटांना विमानं उडवायची जुनी खोड होती म्हणून इथे चिकटलो. हुद्दा चीफ पायलट. दुसरा पायलट नाही, पण कार्डावर चीफ बरं दिसतं.

विमान पडलं की पायलटनं जागचं हलायचं नाही. जिथे ते दिसेनासं झालं, तिथे नजर ठेवायची, एखादं झाड नाहीतर खांब हेरायचा आणि दुसऱ्या माणसाला त्या रेघेत चालवायचं. नव्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवतो. स्वतः मी काय केलं? धावलो. रेडिओ गळ्यात, टोपी हातात, आणि नजर आभाळात. ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि मी बाळूभाऊंच्या बागेत, वेलींच्या दोन ओळींमध्ये, साष्टांग पडलो. उठलो तेव्हा कुठल्या खांबाच्या मागे विमान गेलं होतं ते कोणाला विचारू? सगळे माझ्याकडेच बघत होते.

बाळूभाऊ म्हणजे ज्यांच्या बागेत हा डेमो होता ते. दिंडोरी रस्त्याला त्यांची बाग, आणि त्यांच्याच शब्दावर बाकीचे बागायतदार जमले होते. त्यांनी मला उठवलं, कपड्यांवरची माती झटकली, आणि पहिल्यांदा आपल्या वेलीचे घड तपासले. माझे गुडघे नंतर.

तेवढ्यात निखिल सर बागायतदारांना सांगताना ऐकू आलं, “काही नाही, पायलट एरर. विमान एकदम ओके आहे. काकांचा हात जरा…” आणि त्यांनी आपला हात पुढे करून थोडा थरथरवून दाखवला. चार-पाच जण हसले.

खरं सांगतो, विमान पडल्याचं मला तेवढं लागलं नाही. विमानं पडतातच. पण तो हात मला लागला. घरी मुलानं माझ्या मोटरसायकलची चावी दिवाळीतच काढून घेतली होती. ‘बाबा, आता रिफ्लेक्सेस राहिले नाहीत,’ असं म्हणून. कॉलेजच्या पोरांना शनिवार-रविवार विमान उडवायला शिकवतो, तेही माझ्या हाताकडे बघूनच येतात. हाताचं एकदा असं नाव पडलं की रेडिओ परत कोण देणार? आणि माझा हात थरथरत नव्हता. काडी टोकाला दाबलेली होती. विमानानं ऐकलं नाही.

मी सरांना बाजूला घेतलं. विमान शोधू म्हटलं. ते म्हणाले, कशाला, फोमच आहे, पुढच्या आठवड्यात दुसरा ससाणा आणू, आता बाळूभाऊंच्या घरी वहिनींनी जेवण बनवलंय, पानं वाढली आहेत, माणसं जेवली की मूड परत येईल.

“विमान सापडल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही,” मी म्हणालो.

“आणि नाही सापडलं तर?”

“तर इथेच राहतो. बाळूभाऊंना वॉचमन लागत असेल.”

बाळूभाऊंनी ऐकलं. “लागतो ना. पण काका, रातीचं दिसतं का तुम्हाला? दिवसा तर नळी दिसली नाय.”

जेवणाची पानं तशीच राहिली, कारण माणसांना आता जेवणापेक्षा ही गंमत बरी वाटत होती. मी शहाण्यासारखी सुरुवात केली. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण शहाणपणच. प्रत्येकाला म्हटलं, मघाशी जिथे उभे होता तिथेच जाऊन उभे राहा आणि विमान गेलं त्या दिशेला बोट करा. दोन माणसांच्या बोटांच्या रेघा जिथे एकमेकींना कापतात, तिथे विमान. साधा हिशोब आहे.

बोटं केली सगळ्यांनी. पण काढणीला आलेल्या बागेत कोणी पाय ठेवलेला द्राक्षवाल्याला चालत नाही. घडाला नुसता बाहीचा स्पर्श झाला तरी मण्यावरची पांढरी पूड पुसली जाते आणि एक्स्पोर्टचा माणूस तो घड बाजूला काढतो. बाळूभाऊ आणि त्यांचे दोन भाऊ, तिघांचं बोट बांधापलीकडे शेजाऱ्याच्या बागेकडे. शेजारीही आलेला होता. त्याचं बोट सरकारी रस्त्याकडे. बाकीच्यांनी यजमानांकडे बघितलं आणि त्यांची बोटंही शेजाऱ्याकडे वळली. शेजारी सोडला तर पंधरा माणसांचं एकमत, असं नाशिक जिल्ह्यात मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच वेळी मला शंका यायला हवी होती. ती आली नाही. मी शेजाऱ्याच्या बागेत शिरलो.

वेलींच्या मांडवाखाली वाकून चालायचं म्हणजे एकसष्टाव्या वर्षी काय होतं ते सांगत नाही. आणि शोधत काय होतो? मातीच्या रंगाचं विमान, मातीवर. पोटाखाली एक नारिंगी पट्टा मारू, असं मी बनवतानाच म्हटलं होतं. सरांना तो नको होता. ससाणा ससाण्यासारखाच दिसायला हवा होता. दिसत होता. म्हणजे आता दिसत नव्हता.

मग दुसरी युक्ती. रेडिओ बंद केला की विमानाला सिग्नल मिळत नाही, आणि सिग्नल नसला की त्याची मोटर बीप बीप अशी बारीक ओरडत राहते. हरवलेल्या विमानाला तेवढीच वाचा. रेडिओ बंद केला. पण ऐकू येईल कसं? चारी बाजूंच्या बागांत पाखरं हाकलायला बायामाणसं डबे बडवत होती. मी बाळूभाऊंना म्हटलं, पाचच मिनिटं डबे थांबवा.

त्यांनी शीळ घातली, शीळ बांधाबांधानं पुढे गेली आणि डबे थांबले.

पाच मिनिटं आम्ही कान देऊन उभे. बीप नाही. पण डबे थांबल्याची बातमी पाखरांना माणसांच्या आधी लागते. भोरड्यांचा एक थवा वरून वळला आणि थेट बाळूभाऊंच्या बागेवर उतरला. घराकडून त्यांच्या मिसेस, मंदावहिनी, हातात उलथनं घेऊन आल्या.

“विमानानं पाखरं पळणार होती ना?” त्या सरांना म्हणाल्या. “विमान तर गेलंच, वर डबे बी बंद केले. आता काय पाखरांना पानावर बसवू?”

सर मोबाइल बघायला लागले. मी डबे सुरू करायला सांगणार होतो, पण त्या शांततेत मला दुसरंच काही ऐकू येत होतं. कावळे. दहा-वीस कावळे एकदम, खवळल्यासारखे. आवाज शेजाऱ्याच्या बागेतून नव्हता. तो उलट्या बाजूनं, बाळूभाऊंच्या एक्स्पोर्टच्या प्लॉटपलीकडून, ओढ्याकडून येत होता. तिकडे एकाचंही बोट गेलं नव्हतं.

विमानं उडवणाऱ्यांना कावळे चांगले माहीत असतात. मैदानावर आमच्या विमानांवर ते धावून येतात, आणि खरी घार आली तर आमची विमानं सोडून तिच्या मागे लागतात. बसलेली घार, ससाणा, घुबड दिसलं की गाव गोळा करतात. एवढे कावळे एका जागी म्हणजे काहीतरी मेलंय, नाहीतर कोणीतरी बसलंय.

मी ओढ्याकडे निघालो. सर मागून म्हणाले, काका, तिकडे कुठे, सगळ्यांनी इकडे दाखवलंय. बाळूभाऊ पुढे येऊन आडवे झाले, म्हणाले तो प्लॉट एक्स्पोर्टचा हाय. मी म्हटलं, बांधाबांधानं जातो, बाही वर करतो, हवं तर हात बांधा. हात बांधले नाहीत, पण बाळूभाऊ माझ्या पुढे आणि त्यांचा भाऊ मागे, अशी आमची वरात निघाली. बागायतदार मागोमाग. उलथनं घेतलेल्या मंदावहिनीसुद्धा.

ओढ्याच्या काठावर बाभळ. तिच्या मधल्या फांदीवर आमचा ससाणा पंख पसरून, मान जरा खाली घालून बसलेला. कावळे एकामागून एक येत होते, शेपटीला टोच मारून जात होते. एक तर त्याच्या पाठीवर बसला होता.

शेजारी म्हणाला, “बाळूभाऊ, तुमचं बोट कुठं होतं?”

शेळ्यांना पाला पाडायची आकडी कोणीतरी आणली. बांबूच्या टोकाला बांधलेला कोयता तो. ससाणा खाली आला, एक बाभळीचा काटा माझ्या तळहातात गेला, बॅटरी मात्र आपटतानाच निसटून वर फांदीत अडकली होती. बीप का आली नाही, तेही कळलं.

मी तिथेच बसकण मारली आणि ससाण्याच्या झाकण उडालेल्या पोटात बघितलं. विमानात रिसीव्हर असतो. तो विमानाचा कान. त्याच्यातून शेवईसारख्या दोन बारीक वायरी निघतात, त्या अँटेना. त्या बाहेरच ठेवाव्या लागतात. मी त्या पाठीवर भोक पाडून बाहेर काढल्या होत्या. आता तिथे भोक नव्हतं. तिथे पुटी भरलेली होती आणि वर तांब्याची चमक असलेला नवाकोरा रंग. दोन्ही वायरी आत दुमडून, बॅटरीच्या जागेखाली, कार्बनच्या दांड्याला टेपनं चिकटवलेल्या. कार्बन आणि धातूचा रंग, दोन्ही सिग्नल अडवतात. विमानाच्या कानात बोळे घातले होते.

मी सरांकडे बघितलं.

“फोटोत त्या वायरी दिसत होत्या, काका,” सर हळूच म्हणाले. “ससाण्याला वायर नसते.”

“ससाण्याला रेडिओही लागत नाही, सर.”

नुसतं सांगून भागणार नव्हतं. थरथरवलेला हात सगळ्यांनी बघितला होता, तर वायरही सगळ्यांनी बघायला हवी. फांदीतली बॅटरी काढून लावली. आमच्या रेडिओवर एक बटण असतं, ते दाबलं की सिग्नल मुद्दाम कमजोर होतो. विमान जमिनीवर ठेवून ते बटण दाबत लांब जायचं आणि शेपटी हलते का बघायचं. याला रेंज चेक म्हणतात. बाळूभाऊंना विमानापाशी बसवलं, शेपटी हलते तोवर हात वर ठेवा म्हटलं. मी दहा पावलं गेलो नाही तोच त्यांचा हात खाली आला. परत आलो, टेप काढली, वायरी बाहेर ओढल्या. पुन्हा चालायला लागलो. ओढा ओलांडला, पलीकडच्या बांधावर चढलो. तिथून मागे बघितलं, तर बाळूभाऊंचा हात वरच होता आणि आता त्यांच्या भावांनीही उगाच हात वर केले होते.

परत आल्यावर सरांनी मला अर्ध्या आवाजात सुचवलं, की यांना टेक्निकल बिघाड झाला असं सांगू या. मी मोठ्यानं बोललो.

“बिघाड नाही. वायर सरांनी आत घातली. आणि उडवायच्या आधी हा चेक करायचा असतो, तो मी केला नाही. कारण मी पायलटची टोपी घालून फोटो काढून घेत होतो. आमच्या दोघांच्या चुका झाल्या. पण माझ्या हाताचं कोणी नाव घ्यायचं नाही.”

आणि मी हात पुढे केला. काट्यानं रक्त येत होतं, पण हात सरळ होता. बाळूभाऊंनी तो नीट बघितला, द्राक्षाचा घड बघतात तसा. “हात ठीक हाय,” ते म्हणाले. “डोकं जरा उशिरा चालतं.”

एकही ऑर्डर मिळाली नाही. अँटेनाचं बागायतदारांना पटलं होतं. पण ज्याच्या पाठीवर कावळा बसतो त्या ससाण्याला भोरड्या कशा भिणार, असं मंदावहिनींनी विचारलं. शेजारी एवढंच म्हणाला, की हे विमान बाळूभाऊंच्या बाभळीवर कायमचं राहू द्या, माझ्याकडचे कावळे तरी कमी होतील.

येताना गाडीत, शहर लागल्यावर, सर म्हणाले, “काका, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं.”

“सर, हात तुम्ही सगळ्यांसमोर हलवला होता.”

त्यांनी मला घराच्या कोपऱ्यावर सोडलं आणि सांगितलं, की सोमवारी यायची गरज नाही, काय ते कळवतो. मी बरं म्हटलं आणि सोमवारी नेहमीच्या वेळेला गाळ्यावर गेलो. मला कोणी काही कळवलं नव्हतं. सर टेबलावर नवा ससाणा ठेवून, गरम सोल्डरिंग गननं त्याच्या पाठीला भोक पाडत होते. माझ्याकडे बघितलं नाही. मी वाकून भोकाची जागा बघितली.

“आणखी मागे,” मी म्हटलं. “दांड्यापासून लांब.”

त्यांनी गन मागे घेतली. “इथे?”

“इथे.”

माफी वगैरे काही झाली नाही, मीही मागितली नाही. पण तेव्हापासून विमान पडलं की किती का काटे टोचेनात, मी ते शोधूनच आणतो. फोमसाठी नाही. विमान सापडत नाही तोवर ते पडण्याचं कारण मैदानावरचा सगळ्यात म्हातारा माणूस असतो.