देवळातली सातवी हंडी

माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली. पोरं म्हणतात, आबा, आईचं काही लिहून ठेवा. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. तिचा स्वभाव कसा होता नि काय होता, ते मला लिहिता येणार नाही. काचेचं लिहितो. ते येतं.

आम्ही कासार. घर वसमतला, धंदा खेड्यापाड्यांत. तवा आमचा जिल्हा परभणी होता. हट्ट्याच्या फाट्यावर एस.टी.तून उतरायचं आणि पाठीवर बांगड्यांचं गाठोडं घेऊन गावोगाव चालायचं. माल आणणं, निवडणं माझ्याकडं. बांगड्या भरणं तिच्याकडं. बाईचा हात कसाही राठ असो, ती अंगठ्याच्या मुळाशी असा दाबायची की बांगडी आपोआप वर जायची. माझी विद्या एकच, टिचकी. दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांच्या माळेला टिचकी मारली आणि खणखणीत वाजली तर माल चोख. बद्द वाजली तर त्यात कुठंतरी तडकलेली बांगडी आहे. ती काढून टाकायची. बापानं एवढंच शिकवलं होतं आणि त्यावर माझा फार ताठा होता.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. आमच्या फिरतीवरच्या एका गावात मोठे जमीनदार होते, त्यांना सगळे मालकच म्हणत. त्यांच्या बैठकीत निजामाच्या काळापासून आत दिवा लावायच्या काचेच्या सहा हंड्या टांगलेल्या होत्या. पोटाला गोल, तोंडाशी पितळेचं कडं, अंगावर सोनेरी फुलं. मालकांनी त्या विकायला काढल्या. हैदराबादेहून जुन्या काचसामानाचा व्यापारी येणार होता. आता बैठकीच्या आढ्याला कड्या होत्या सात. आणि गावच्या मारुतीच्या देवळात तसलीच एक हंडी होती.

मालक म्हणाले, "सातवी आमची. आमच्या आज्यानं देवळात लावायला दिली होती. आता परत द्या."

देवळाचा गुरव म्हातारा होता. तो म्हणाला, "न्हाई मालक. गावातल्या बायांनी एक दिस कापूस येचला आन् त्याची मजुरी देवाला दिली. माझ्या बापानं त्यातून फेरीवाल्याकडून घेतली. मी लहान होतो, पन ध्यानात हाय."

कागद कुणाकडंच नव्हता. मालकांच्या भावकीतला एक जण म्हणाला की गुरव म्हातारपणी खोटं बोलायला लागला. म्हाताऱ्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. मग कुणीतरी म्हणालं, काचेतलं कासाराला कळतं, त्याला विचारा. आम्ही त्या दिवशी गावातच होतो.

मालकांच्या सहा हंड्या भुशात घालून पारावर आणल्या. देवळातली खाली उतरवली. तिच्यावर तेलाच्या काजळीचा थर, फुलं तेवढी दिसत होती. मी एकेकीला टिचकी मारत गेलो. सगळ्या सारख्या वाजल्या. आकार एक, फुलं एक. मी चार लोकांत छातीठोक सांगितलं, "सातही एकाच भट्टीच्या."

बायको पलीकडं बायांना बांगड्या भरत बसली होती. तिथूनच म्हणाली, "अवो, आधी पितळंचं कडं काढा. पितळ वाजून राह्यलं, काच न्हाई."

मी म्हणालो, "तू बांगड्या भर. बाप्यांच्या मधी काहून तोंड घालून राह्यलीस?"

लोक हसले. तिनं पुढच्या बाईचा हात हातात घेतला. गुरवानं हंडीची नुसती साखळी गोळा केली, उपरण्यात बांधली आणि गाभाऱ्यात निघून गेला. हंडी मालकांच्या घरी गेली.

पाचेक दिवसांनी मालकांच्या सुनेला पाचव्या महिन्याच्या हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. बायको आत गेली, मी ओसरीवर गाठोडं राखत बसलो. आत बायांनी हंड्यांची पितळी कडी काढून, रिठ्याच्या पाण्यानं धुऊन त्या परसात पालथ्या घातल्या होत्या. ती बाहेर आली, गाठोडं माझ्या पाठीवर चढवलं आणि चालायला लागली. गावाबाहेर आल्यावर उभी राहिली.

"देवळातली धुतल्यावर तिची शिवण दिसायली. दोन्ही अंगानं. बाटलीला अस्ती तशी, साच्याची. बाकी सहांवरून नख फिरवलं, कुठंच अडकत न्हाई. त्या फुंकून केलेल्या. बुडाला नळी मोडल्याचा वण हाय त्यांच्या, हिला न्हाई."

"फुलं तं सारखी हायेत."

"फुलं काय, कुनीबी पाहून काढतं. काठ उन्हाला धरून पाहा. त्या सहा पान्यासारख्या, ही काठाला हिरवी. आपल्या हलक्या बांगडीवानी."

मला राग आला. तिचा नाही, पण काढला तिच्यावरच. "मग आता काय करू? बोललो ते बोललो."

"तुमच्या शब्दानं ते म्हातारं खोटं ठरलं," ती म्हणाली. "बद्द वाजलेली बांगडी आपन कुनाच्या हातात घालतो का?"

मालकांचं घर म्हणजे आमचं सगळ्यात मोठं घर. त्यांच्याकडं लग्न निघालं की सगळ्या भावकीच्या बाया तिच्यापुढं हात करून बसायच्या. सुगीला ज्वारी मिळायची ती वेगळी. हे ती जाणत होती, मीही जाणत होतो. दोन दिवस मी घरात उगाच भांडत फिरलो. भाजीत मीठ कमी, चहा पांचट. तिसऱ्या दिवशी व्यापारी येणार होता. सकाळी मी धोतर नेसलो, तर ती आधीच लुगडं बदलून दारात उभी.

मालकांच्या ओसरीवर व्यापारी बसला होता. पिकल्या दाढीचा, हातात भिंग. सातही हंड्या सतरंजीवर मांडलेल्या.

मालक म्हणाले, "काय कासारा, आज तुझा वार न्हाई."

"मालक, मी चुकलो. सातवी तुमच्यातली न्हाई."

"आठ दिसांत काच बदलली व्हय रे?"

"काच तीच हाय. मी पितळ वाजवलं."

"आन् हे तुला कुनी सांगितलं?"

मी जरा बाजूला सरलो. मग मागं बोट केलं. "ही म्हनती."

भावकीतला तो जण खो-खो हसला. "आता कासारनीची पंचायत! मारुतीलाबी चुडा भरा म्हनावं."

मी म्हणालो, "हसा. हिच्या नखाला कळलं ते माझ्या कानाला कळलं न्हाई. इथं बसलेल्या कुनालाच कळलं न्हाई."

व्यापाऱ्यानं देवळातली हंडी उचलली, अंगणात नेऊन उन्हाला धरली, बुडावरून अंगठा फिरवला. दुसरी उचलली. परत येऊन म्हणाला, "बाई सही बोल रई, मालक. ये छे विलायती. ये इधर की, फिरोजाबाद की तरफ की. साँचे में ढाली हुई."

मी न राहवून विचारलं, "त्या सहा बेल्जमच्या का?"

तो हसला. "सब बेल्जमच बोलते, मियाँ. बोले तो बिकती. ये जर्मनी के बाजू की है. किसकी है वो मेरे कू नई मालूम. काच कहाँ की, इत्ताच बोल सकता."

तेवढं पुरलं. मालकांच्या आज्यानं विलायती मालात एक देशी हंडी कशाला घेतली असती? सातवी कडी कशाची, हे कुणालाच सांगता आलं नाही. मालकांनी सातवी हंडी सतरंजीवरून बाजूला सारली. मग म्हणाले, "न्या ती. आन् ह्या ओसरीला परत पाय लावू नका दोघंबी."

हंडी मी छातीशी धरून देवळात आणली. गुरवानं उपरण्यातून साखळी सोडली. आठ दिवस ती तशीच बांधलेली होती. मी खांबावर चढून हंडी टांगली. गुरव मला एक शब्द बोलला नाही, आणि ते बराबरच होतं. तिला मात्र त्यानं पायरीवर बसायला लावलं, तांब्या भरून आणला आणि म्हणाला, "माय, आधी पानी पे."

परतीच्या एस.टी.त तिला खिडकी मिळाली. "मोठं घर गेलं," एवढं म्हणाली. मी म्हणालो, "जाऊ दे." ते घर खरंच गेलं. त्या सुनेच्या बाळंतपणानंतरचा चुडासुद्धा दुसऱ्या कासारानं भरला.

दिवाळीचा माल आला तेव्हा मी माळा सोडल्या आणि आधी तिच्यापुढं टाकल्या. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि नख फिरवायला लागली. तेव्हापासून माल तीच निवडायची. पण 'तुझं बराबर होतं, मी तुला लोकांत गप केलं ते चुकलं' असं मी तिला घरी कधी म्हणालो नाही. ओसरीवर म्हणालो ते मालकांना ऐकवलं, तिला नाही. पुढं चाळीस वर्षं एका घरात राहिलो. तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो असतो.