शनिवारची गाडी आणि जुना टाईम

१९४४ च्या माघ महिन्यात एका शनिवारी माझा धाकटा भाऊ जळगाव स्टेशनवर बारा मिनिटं होता. आई त्याला भेटायला गावाहून निघाली होती. भेट झाली नाही.

त्या वेळी मी जळगावच्या एका साप्ताहिकात काम करत होतो. लढाईमुळे गाड्यांचं वेळापत्रक नावापुरतं उरलं होतं. मुंबईकडून नागपूरकडे जाणारी सकाळची पॅसेंजर जळगावला दहाला यायची, निदान छापलेलं तरी तसं होतं. ती शनिवारी जास्त लेट असते असं सगळे म्हणत. कोणी शनीच्या वाराचं कारण सांगे, कोणी लष्करी गाड्यांचं. वाचकांची पत्रं येऊ लागली, तेव्हा संपादकांनी हे एकदा नीट पाहून ठेवायला मला सांगितलं. दिवाळीपासून मी रोज स्टेशनवर जाऊन फळ्यावर खडूनं लिहिलेली वेळ वहीत उतरवू लागलो.

तिथल्या हमालाला हे पसंत नव्हतं. "भाऊ, तुम्ही लिखतंस म्हणीसनच ती लेट व्हस," तो म्हणायचा. स्टेशनमास्तर सभ्य होते. "छापा खुशाल," ते म्हणाले, "गाडी काही तुमचं वर्तमानपत्र वाचत नाही."

माघ उजाडेपर्यंत वही भरत आली. लोक म्हणत होते ते अर्धं खरं निघालं. इतर दिवशी उशिराला धरबंध नव्हता, कधी दहा मिनिटं, कधी दोन तास. शनिवारचा उशीर मात्र ठरल्यासारखा होता. पाऊण तासाच्या आत कधी नाही, तासाच्या फार पुढे क्वचित. कारणही साधं होतं. धुळ्याहून येणाऱ्या गाडीला शनिवारी आठवड्याच्या साठलेल्या मालाचा एक डबा जास्त असे. तो चाळीसगावात आमच्या पॅसेंजरला जोडून घेण्यात वेळ जाई.

इथे घड्याळांबद्दल सांगायला हवं. लढाई चालू असताना सरकारनं घड्याळं एक तास पुढे केली होती. शहरातल्या कचेऱ्या, शाळा, स्टेशन नव्या वेळेवर चालत. खेड्यांत ती फारशी कोणी मानली नाही. आमचं गाव जळगावपासून बैलगाडीनं दोन तासांवर. तिथं पाटलांकडे एकच खिशातलं घड्याळ होतं आणि ते जुन्या वेळेवरच राहिलं. "नवा टाईम सरकारना, जुना टाईम सूर्यना," असं आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणत. या दोन वेळांमुळे घोटाळे होत, म्हणून आमच्या छापखान्यात नियम होता की कुठलीही वेळ छापली तर तिच्यापुढे 'न. वे.', म्हणजे नवी वेळ, हे घालायचंच. मुद्रितं तपासताना ते राहिलेलं दिसलं की मी समासात घालत असे. दिवसातून पुष्कळदा घालावं लागे.

भाऊ दोन वर्षांपूर्वी न सांगता फौजेत भरती झाला होता. आईनं त्याला तेव्हापासून पाहिलं नव्हतं. माघात नाशकाकडून रजेवर आलेल्या एकाच्या हाती त्याची चिठ्ठी आली. त्याला पूर्वेकडे धाडत होते. शनिवारच्या पॅसेंजरनं तो जळगाववरून जाणार होता. आईला घेऊन ये, एवढंच खाली लिहिलेलं होतं.

मी त्याच दिवशी घरी कार्ड टाकलं. आईला हिवताप येऊन गेला होता आणि पहाटेची थंडी फार होती. तिला अंधारात गाडीत बसवू नये असं मला वाटलं. वही समोर होतीच. मी लिहिलं: 'शनिवारी गाडी पावणेअकराच्या आत येत नाही. साडेदहाला स्टेशनवर पोचा. आईला ऊन आल्यावरच काढा.'

घरचं कार्ड होतं. साडेदहाच्या पुढे मी काही घातलं नाही.

शनिवारी मी दहाच्या आधीच स्टेशनवर गेलो. फळ्यावर पन्नास मिनिटं लेट लिहिलेलं होतं. साडेदहा झाले तरी घरची माणसं आली नाहीत. मी दोनदा बाहेर रस्त्यापर्यंत जाऊन आलो. दहा पन्नासला गाडी आली. भाऊ मागच्या डब्यातून उतरला. डोक्यावरचे केस अगदी बारीक कापलेले होते.

"दादा, माय कथी शे?"

वाटेत असतील, आत्ता पोचतील, असं मी सांगितलं. गाडी आधीच पन्नास मिनिटं लेट आहे, हेही सांगितलं.

"मंग आखो जराशी लेट व्हऊ दे," तो म्हणाला आणि हसला.

मी स्टेशनमास्तरांकडे गेलो. अर्धा तास गाडी थांबवता येईल का, असं विचारलं. त्यांनी चष्मा काढला.

"लेट गाडी आणखी लेट करू? आणि कारण काय लिहू?"

आई यायची आहे, मी म्हणालो.

"सगळ्यांच्याच आया यायच्या असतात हो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मी परत आलो तेव्हा भाऊ चहा पीत होता. फलाटाच्या टोकाकडे पाहत होता. आबांची पाठ अजून दुखते का, लाल गाय व्याली का, असं त्यानं विचारलं. आपण कुठे चाललो हे त्याला ठाऊक नव्हतं, किंवा सांगायची परवानगी नव्हती. अकरा वाजून दोन मिनिटांनी गाडी सुटली.

बैलगाडी आली तेव्हा स्टेशनच्या घड्याळात अकरा अठ्ठावीस झाले होते. आईच्या मांडीवर फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि चटणी होती. आबांनी खाली उतरल्याबरोबर पाटलांकडून मागून आणलेलं घड्याळ काढून माझ्यापुढे धरलं. दहा अठ्ठावीस.

"दोन मिनिट पहिलेच उनूत," ते म्हणाले.

गाडी गेली, मी सांगितलं.

आईनं विचारलं, "लेट व्हती ना ती?"

"व्हती."

"मंग कशी चुकनी?"

मी स्टेशनच्या घड्याळाकडे बोट केलं. आबांनी तिकडे पाहिलं, मग बंडीच्या खिशातून माझं कार्ड काढलं. हमाल जवळच उभा होता. त्याच्याकडून त्यांनी ते वाचून घेतलं, मला दिलं नाही. हमालानं दोनदा वाचलं. आबांनी कार्ड घडी करून परत ठेवलं.

आई फलाटावरच्या बाकावर बसली. "वाळेल व्हता का तो?"

जरासा, मी म्हणालो.

"काय खादं त्यानी?"

चहा प्यायला, मी सांगितलं. तिनं फडकं सोडलं, दशम्या पाहिल्या आणि परत गाठ मारली. दुसरी गाडी कधी, हे तिनं विचारलं. मी वेळ सांगितली. त्या गाडीत तो नसणार हे तिला माहीत होतं. तरी ती गाडी येऊन जाईपर्यंत ती उठली नाही. मग आबांनी बैल जुंपले. दिवस कलायच्या आत गाव गाठायचं होतं.

पुढच्या अंकात माझी नोंद छापून आली. शनिवारची गाडी नेहमी लेट असते आणि तो उशीर ठरलेला असतो, असा तिचा निष्कर्ष होता. प्रत्येक आकड्यापुढे न. वे. होतं. मुद्रित मीच तपासलं. दोन वाचकांनी अभिनंदनाची पत्रं पाठवली.

आई त्यानंतर जळगावला आली नाही.

भावाची दोन पत्रं आली. दोन्हींत गावाचं नाव काळ्या शाईनं खोडलेलं होतं. पावसाळ्यात लष्कराच्या कचेरीचं पत्र आलं, त्यात 'बेपत्ता' असा शब्द होता. मी तीनदा चौकशी केली. तीनही वेळा तोच शब्द आला.

लढाई संपल्यावर त्याच्या तुकडीतला वरणगावचा एक माणूस परत आला. मी त्याच्याकडे गेलो. त्यानं सांगितलं की त्यानं भावाला शेवटचं पाहिलं ते एका नदीच्या काठी, सामानानं भरलेल्या लष्करी ट्रकमध्ये चढताना. ट्रक पुलाकडे गेला. पुढचं त्यानं पाहिलं नव्हतं.