रुपेश झाडे आणि टॅपेटची पत्ती

रुपेश झाडे यांची व माझी खरी ओळख मी त्यांच्या कपाळावर पाना मारला त्या दिवशी झाली. त्याआधी दोन वर्षे मी त्यांच्याकडे माझी मोटारसायकल दुरुस्तीला नेत होतो. परंतु मिस्त्री माणूस कसा आहे, हे जाणण्याची मला गरज वाटली नव्हती. आमच्या साक्षरता वर्गाच्या जागृतीताईंनी, ज्याच्यामुळे आपण शिकलो त्याच्याविषयी लिहावे, असे सांगितले. म्हणून लिहितो. काही लपवीत नाही.

त्यांचे दुकान वर्ध्याजवळ पिपरी मेघे येथे रस्त्याला लागून आहे. वय पंचेचाळीस. काम शिकताना उस्ताद प्रत्येक चुकीला बोटांवर पाना हाणीत; दोन नखे तेव्हापासून वाकडी आहेत. वेल्डिंगच्या ठिणगीने डावा डोळा गेला. त्यांनी स्वतः मात्र कोणावर हात उचलला नाही.

त्यांचा एकच हट्ट होता. जळालेला धूर सोडणारी इंजिनाची झडप म्हणजे वॉल्व्ह, आणि तिला दाबणारा बारीक बोल्ट म्हणजे टॅपेट. त्या दोहोंमध्ये केसाएवढी फट लागते, ती ते ठेवीतच. फट असली की टकटक वाजते. गिऱ्हाइकांना तो आवाज कमीपणाचा वाटतो. विवेक नावाच्या एकाने आवाज बंद करत नाही म्हणून त्यांची गचांडी धरली व पान्यांची पेटी रस्त्यावर भिरकावली. रुपेशराव पाने वेचीत म्हणाले, "वाजू द्या भाऊ. मुकी केली त जळन."

माझी गाडी सतरा वर्षांची आहे. तिच्यावर मी वांगी वर्ध्याच्या बाजारात नेतो. त्यांनी टॅपेटची फट लावून दिल्यावर बाजारात भाजीवाली कुंताबाई सर्वांसमोर म्हणाली, "नत्थूभाऊ, गाडीवर आले का पिठाची चक्की घेऊन आले?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरीच पाना लावला आणि आवाज मरेपर्यंत टॅपेट आवळले. बाजारात ऐटीत गेलो.

तीन आठवड्यांत सायलेन्सरमधून बंदुकीसारखे बार निघू लागले. इंजिन तापले की किक पोकळ जाई. मे महिन्यात भर दुपारी गाडी नाल्याच्या पुलावर मेली. दोन पोती वांगी उन्हात शिजली.

गाडी ढकलत मी दुकानात पोहोचलो. काही विचारले नाही. पडलेला पाना उचलला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा उजव्या भुवईवर. हाड वाजले. ते गाडीला धरून खाली घसरले. रक्त टाकीवरून ओघळले. तरी मी लाथ मारली. "माही गाडी खाल्ली त्वा!" असे मी ओरडत होतो. शेजारच्या चहावाल्या आनंदाबाईने उकळता चहा माझ्या पायांवर ओतला, तेव्हाच मी थांबलो.

"बुढ्या, मारून टाकतं का त्याले?" ती किंचाळली.

पोलिसांत तक्रार झाली. मी कबुली दिली व जामिनावर सुटलो. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, परंतु उजव्या डोळ्याने आता बारीक दिसणार नाही. मिस्त्रीला बारीक दिसले नाही तर दुकान कसे चालावे?

तीन आठवड्यांनी त्यांचा निरोप आला: गाडी तुमच्यासमोर उघडतो. त्यांच्या भुवईवर पट्टी बांधलेली होती. त्यांनी किक हळू दाबली. दाबाने अडायला हवी, ती अडली नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी माझा हात धरला. फुस्स करून वारा आला. मग वरचा भाग काढून बंद वॉल्व्हमागे पेट्रोल ओतले. ते थेंबथेंब गळले. वॉल्व्ह बाहेर आला. त्याच्या कडेचा कुत्र्याने तोडावा तसा लचका गेला होता.

त्यांनी टॅपेटचा नट अंगठ्याने चाचपला. "याचे कोपरे झिजले. मी असा नाई आवळत. कोणं हात लावला, काका?"

"म्या," मी म्हणालो. आनंदाबाई माझ्याकडे पाहून थुंकली.

ते रागावले नाहीत. समजावून सांगितले: तापल्यावर वॉल्व्ह वाढतो, फट नसेल तर तो पूर्ण मिटत नाही, आणि उघड्या राहिलेल्या कडेतून आग निघून ती कड जळते. म्हणून दर दोन हजार किलोमीटरला, इंजिन रात्रभर गार झाल्यावर, सकाळी फट मोजावी.

नवा वॉल्व्ह त्यांनी हाताने घासून बसवला. मग फट मोजण्याच्या पोलादी पत्त्यांचा जुडगा काढला. प्रत्येक पत्तीवर बारीक आकडा कोरलेला असतो. एक पत्ती त्यांनी डोळ्याजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मला तेव्हा अक्षर येत नव्हते, नोटादेखील मी रंगावरून ओळखत असे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पत्ती माझ्यापुढे धरून ते म्हणाले,

"काका, यावरचा आकडा वाचून सांगजा. मले दिसून नाई राह्यला."