हात की मशीन

आमच्या घरात देवघराइतकी जपलेली जागा एकच, मागची खोली. तिथं आमच्या ह्यांची मशीन आहे. हे म्हणजे मधुकरराव. पुलगावच्या एका वर्कशॉपात उभा जन्म लोखंड कापण्यात घालवलेला माणूस. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात. ह्यांनी एक जुनी मिलिंग मशीन विकत आणली आणि नाचणगावच्या घरात बसवली. उभा खांब, खांबावर वर-खाली होणारं डोकं, डोक्यात फिरणारं कटर आणि खाली सरकणारं टेबल. थ्रेशरचे, डाळ मिलचे मोडलेले भाग ते त्यावर नव्यानं करून देतात. माझ्यापेक्षा मशिनीशी जास्त बोलतात असं मी चारचौघांत सांगायची आणि ते खुशाल हसायचे.

उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. सेवाग्रामच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डाव्या हातात कप धरवत नव्हता. व्यायामानं हात सुधारला, चालणं सुधारलं, आणि दिवाळी झाल्याबरोबर त्यांनी मागच्या खोलीचं नाव काढलं. मी नको म्हणत होते, नागपूरचा आमचा मुलगा नीलेशही नको म्हणत होता. फिरत्या कटरपुढं असा हात! शेवटी मी अट घातली.

"हात भरवशाचा आहे तोवर करा. काम बिघडलं तं मशीन विकून टाकू."

त्यांनी लगेच मान हलवली. इतक्या लवकर हो म्हणणारा हा माणूस मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला.

आणि पहिलंच काम बिघडलं. आर्वीच्या अंकुशच्या थ्रेशरसाठी एक लोखंडी ठोकळा करून दिला होता, त्याला आरपार भोक, त्यातून शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, जायचा. अंकुश तो ठोकळा परत घेऊन आला. भला माणूस. आधी ओट्यावर बसून चहा प्याला, तब्येत विचारली, मग हळूच पिशवीत हात घातला.

"काका, भोक जरासं तिरपं गेलं वाटते. शाफ्ट अटकून राह्यला."

ह्यांनी ठोकळा घेतला, उजेडात फिरवून पाहिला आणि डावा हात लेंग्याच्या खिशात घातला. अंकुश जाईपर्यंत तो बाहेर आला नाही.

"अहो, मशीनच तिरपी झाली असन," मी म्हटलं. "तुमी दवाखान्यात होते तवा नीलेशनं कापूस ठेवाले जागा केली ना? चौघांनी मिळून सरकवली. खांबाले धरून वढली."

"मशीन चांगली आहे."

"मोजून तं पाहा."

"काऊन मोजू? मले माहीत आहे."

त्यांना काहीच माहीत नव्हतं. मोजायची भीती होती. मशीन सरळ निघाली तर दोष हाताचा, आणि मग माझी अट होतीच. मोजलं नाही तोवर आशेला जागा होती. मग सुरू झालं नुसतं बसणं. जेवण अर्धवट, बोलणं बंद, हात खिशात. रात्री कूस बदललेली मला कळायची. एरवी मशीन बिघडली की आमच्या घरात सुतक पाळतात. आता मी देवापुढं दिवा लावून मागत होते, बाप्पा, मशीन वाकडी निघू दे. वरून देव काय म्हणाला असेल कोण जाणे.

एका दुपारी मला हे सहन झालं नाही. कपाटातली डायलची, त्या केसभर फरकही काट्यानं दाखवणाऱ्या मापाची, पेटी काढली आणि सरळ मागच्या खोलीत गेले.

"तुमी नाई मोजत तं मी मोजतो."

"तुले काय समजते त्यातलं?"

"काईच नाई. मोडन फार तं."

ते धावत आले. डायलवर त्यांचा फार जीव.

मोजणं तसं साधं होतं. टेबलावर पोलादी गुण्या काटकोनात उभा केला. मशिनीच्या डोक्यात डायल बसवली, तिचं टोक गुण्याच्या उभ्या कडेला टेकवलं आणि काटा शून्यावर आणला. आता डोकं खाली-वर करायचं. खांब सरळ असेल तर काटा शून्य सोडत नाही. झुकला असेल तर सोडतो. ह्यांनी उजव्या हातानं हँडल फिरवायला सुरुवात केली. डोकं हळूहळू खाली येऊ लागलं. मी त्यांच्या पाठीशी उभी. डायल त्यांच्या खांद्याआड.

"हलला नाई," ते म्हणाले. स्टूल ओढून बसले. "मशीन सरळ आहे, छाया. माहा हातच गेला."

मी पुढं होऊन पाहिलं. काटा शून्य सोडून चांगला डावीकडं गेला होता.

"अहो, हलला ना!" मी ओरडलेच. "हा पाहा. मशीनच वाकडी आहे!"

"कुठं?"

"इकडं, डावीकडं."

ते उठले, वाकले. "कुठं?" पुन्हा म्हणाले. मी त्यांची हनुवटी धरून तोंड डावीकडं वळवलं, त्यांचं बोट काचेवर टेकवलं, तेव्हा कुठं त्यांना काटा दिसला. ते हसले. खिशातला हात बाहेर आला. मीही हसले.

मग मला त्यांचं ताट आठवलं. ताटातलं डावीकडचं मीठ, लिंबू, चटणी कितीतरी दिवस तसंच राहत होतं. मला वाटलं, तिखट-मीठ सोडलं. शेजारच्या प्रमिलाबाईंना मी कौतुकानं सांगितलंही होतं. ताटाची डावी बाजू त्यांना दिसतच नव्हती, आणि दिसत नाही हेही त्यांना कळत नव्हतं.

ते मात्र कामाला लागले. खांबाच्या पायाचे बोल्ट ढिले केले, एका कडेखाली पितळेची पातळ पट्टी सरकवली, बोल्ट आवळले.

"सांग."

"डावीकडं दोन घरं."

आणखी एक पट्टी. "आता?"

मला शून्य म्हणून मोकळं व्हावंसं वाटत होतं. "आलाच शून्याजवळ."

"जवळ नको सांगू. कुठं आहे?"

"अर्धं घर डावीकडं."

त्यांनी आणखी पातळ पट्टी घातली, डोकं वर नेलं, खाली आणलं. मी डोळे ताणून पाहत होते.

"शून्य. वरही शून्य, खालीही शून्य."

स्वतः पाहायला ते वाकले नाहीत.

"एक भोक पाडू काय?" त्यांनी विचारलं. मशिनीला हात लावायला या माणसानं आजवर कुणाला विचारलं नव्हतं. नको म्हणायला हवं होतं, पण मी म्हटलं, "पाडा." मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन स्विचवर हात ठेवून उभी राहिले. लोखंड किरकिरलं. भोक कसं पडतंय हे मी पाहिलंच नाही, मी त्यांच्या डाव्या हाताकडं पाहत होते. हात जागचा हलला नाही. मग त्यांनी शाफ्टचा तुकडा भोकात घातला. आरपार गेला, बोटानं ढकलताच.

त्यांनी स्वतःच बटण बंद केलं आणि कपड्यानं टेबल पुसत राहिले.

"सकाळी सेवाग्रामले जाऊ," ते म्हणाले. "पण डॉक्टरले तू सांगजो."

"काऊन? तुमीच सांगा ना."

"मले विचारलं तं मी सगळं दिसते म्हणीन." ते माझ्याकडं वळले. "मले तं सगळंच दिसते, छाया."