गणपती इथेच बसेल, दाताचं मी बघते

तुमच्या बाबाने या चतुर्थीची हकीकत तुम्हाला सांगितली असेलच आणि त्यात मी एक हट्टी म्हातारी असेन. असू दे. माझी बाजू मीच लिहिते, कारण तुम्ही दोघं इतकी लांब आहात की तिथवर पोचेपर्यंत कुठल्याही गोष्टीला मीठमसाला लागतो.

गेल्या वर्षी गौरी-गणपती जायच्या दिवशी सकाळी माझा उजवा गाल सुजला. दाढेखाली पू झाला होता. गणपतीत रत्नागिरीतले दातांचे दवाखाने बहुतेक बंद असतात. डॉक्टरही माणसंच, त्यांच्याही गावी गणपती असतो. तुमच्या बाबाने मला गाडीत बसवलं आणि सावर्ड्याला मित्राच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. हायवेवर मुंबईकरांच्या परतीच्या गाड्यांची रांग लागली होती. आम्ही घरी पोचलो तेव्हा विसर्जन होऊन गेलं होतं. या घरात लग्न होऊन आल्यापासून गणपतीला निरोप द्यायला मी नव्हते, असं पहिल्यांदाच घडलं.

बाबाने ते मनात धरून ठेवलं. यंदा श्रावण लागायच्या आधी त्याचा फोन आला.

"आई, या वर्षी गणपती पुण्यात बसवू या. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर डेंटिस्ट आहेत."

"एका दाढेसाठी गणपती हलवायचा?"

"दाढेसाठी नाही गं, तुझ्यासाठी. आणि या वर्षापुरतंच."

या 'वर्षापुरतंच'वर माझा विश्वास नाही. आमच्या आळीत मी ते पाहिलं आहे. गणपती एकदा शहरातल्या फ्लॅटमध्ये बसला की तिथेच रुळतो. मग इथलं घर फक्त मे महिन्यात आंब्यांपुरतं उघडतं आणि मग तेही कुणाला जमत नाही. मी काही नवसाची, सोवळ्याची बाई नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं आणि देवापेक्षा वेळापत्रकावर जास्त भरवसा ठेवला. पण वर्षातून एकदा सगळ्यांनी ज्या दारात यायचं, ते दार हेच. ते मी बंद होऊ देणार नव्हते, आणि दाढेच्या निमित्ताने तर मुळीच नाही.

"कळवते," म्हटलं आणि फोन ठेवला. माळ्यावरून गणपतीचा पाट काढला, पुसला आणि रिक्षाने गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, नेऊन दिला. आपल्याकडे प्रत्येक घर आपापला पाट देतं आणि मूर्ती त्याच पाटावर घडते. पाट दिला की गणपती कुठे बसणार हा प्रश्न संपतो.

"बाई, यंदा लवकर आणलात पाट?" त्याने विचारलं.

"हो. नंतर उगाच चर्चा नको."

तिथून त्याच रिक्षाने दातांच्या डॉक्टरकडे गेले. तो माझा जुना विद्यार्थी. त्याने एक्स-रे काढला आणि त्याच दाढेवर नंतर बसवलेली कॅप सैल झाल्याचं सांगितलं. नवी कॅप कोल्हापूरहून बनून यायची, ती गणपतीनंतर, तोवर तात्पुरती.

"कडक काही खायचं नाही, चिकट काही खायचं नाही, बाई."

"आणि निघाली तर?"

"मला फोन करा."

"तू कुठे असशील?"

"गावी. देवरूखच्या पलीकडे." मग जरा ओशाळून म्हणाला, "तिथे रेंज नसते."

"म्हणजे फोन करायचा आणि उत्तर तुझ्या डोंगराने द्यायचं."

तो हसला, मी हसले नाही. गणपतीत शहरात राहणारा डॉक्टर कोण, ते सांगितल्याशिवाय खुर्चीतून उठणार नाही म्हटलं. तेव्हा त्याने शहराला लागूनच्या मिरजोळ्याच्या एका डॉक्टरणीचं नाव सांगितलं. तिचं सासर मिरजोळ्यातच, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. ती कुठे जाण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी एक्स-रे घेऊन तिच्याकडे गेले, दवाखान्याचा जिना मला चढता येतो ना ते पाहिलं आणि सणाच्या दिवशी गरज पडली तर येऊ का, असं सरळ विचारलं.

"आजी," ती म्हणाली, "दुखायच्या आधी आलेल्या तुम्ही माझ्या पहिल्याच पेशंट."

मग घरची तयारी. एका डब्यात डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या, कापूस, छोटा आरसा आणि निघालेली कॅप ठेवायला झाकणाची डबी. फ्रिजमध्ये दुधाची एक पिशवी जास्तीची, कारण पावसात चिऱ्याच्या पायऱ्या शेवाळतात आणि सणाला घरात पोरांची पळापळ असते. पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता दुधात ठेवायचा आणि तडक डॉक्टरकडे निघायचं, हे मी तुमच्या धाकट्या आजीला, म्हणजे माझ्या जावेला, समजावलं. दुखऱ्या हिरडीवर गोळी दाबून ठेवायची तिची सवय आहे. तीही बंद केली. गोळी गिळायची असते, हिरडीवर ठेवली तर हिरडी भाजते. आणि सूज गळ्याकडे उतरली किंवा गिळता येईना, तर दंतवैद्य शोधत बसायचं नाही, सरळ सिव्हिलला जायचं.

जाऊ कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "वयनी, यंदा गणपतीपेक्षा तुमच्या दाताचीच आरास मोठी दिसतेय."

"असू दे. तिला माळा नको घालूस म्हणजे झालं."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी तुमचे आईबाबा आले. बाबाचं तोंड जरा फुगलेलंच होतं. पूजा झाली, नैवेद्य झाला, पानं मांडली. मी डाव्या बाजूने नीट जेवत होते. मग मोदक आला. गरम, वर तूप. एवढी वर्षं दोन्ही बाजूंनी खाल्लेली वस्तू. सारण केव्हा उजवीकडे सरकलं ते कळलंच नाही. गूळखोबऱ्यात काहीतरी टणक लागलं. माझा हात तोंडाकडे गेला आणि समोर तुमच्या बाबाचा हात पानावर थांबला.

"निघाली?"

"निघाली."

"मी म्हणत नव्हतो..."

"आधी मोदक संपव."

मी उठले. कॅप धुऊन डबीत ठेवली, कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरली. दुखत नव्हतं, पण तो खड्डा जिभेला विहिरीएवढा लागत होता. जाऊ मदतीला आली. "चपला चिकटवायचा गोंद आहे घरात, आणू?"

"तो चपलांनाच ठेव."

"आज चतुर्थी आहे, आई," बाबा मागून म्हणाला. "कोण दवाखाना उघडणार? उद्या सकाळी पुण्याला निघू."

मी मिरजोळ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "या आजी," डॉक्टरीण म्हणाली, "आमची पंगत उठतेच आहे."

गाडी तुमच्या बाबानेच चालवली. तिने दाढ साफ केली, कॅप परत बसवली, चावून बघायला लावलं. पैठणीवर ॲप्रन घातला होता बिचारीने. आम्ही बाहेर पडलो तेव्हा संध्याकाळच्या आरतीला अजून अवकाश होता.

परतताना तो रस्त्याकडे बघतच म्हणाला, "पुण्यात आज आपला डॉक्टर नसताच मिळाला. तोही साताऱ्याला गावी जातो."

"हे घरी सगळ्यांसमोर सांग."

"आई, मी काय लहान आहे?"

"नाहीस. म्हणूनच सांग."

आरती झाली. प्रसाद वाटताना त्याने ते जमिनीकडे बघत सांगितलं. "मोठ्याने रे, ऐकू नाही आलं," जाऊ म्हणाली. मग त्याने मोठ्याने सांगितलं आणि स्वतःच हसला. पण हसू ओसरल्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. "आज दाढ होती, आई. पुढच्या वर्षी गुडघा असेल. बीपी असेल. मग?"

प्रश्न खरा होता, म्हणून उत्तरही खरंच दिलं. "असेल. दात जातील, गुडघेही जातील. त्याची तयारी मी करीन. मला जमेनाशी झाली की तू इथे येऊन करायचीस. पण माझं काही दुखतं म्हणून गणपती इथून हलणार नाही."

"पुढच्या वर्षी बघू."

"बघायचं काही नाही. रजा आत्ताच टाक."

त्याने खिशातून फोन काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत ठेवला. अजून टाकलेली नाही. दर रविवारी फोनवर मी पहिलं तेच विचारते, आणि टाकेपर्यंत विचारणार आहे.